एकीला केमो, दुसरीला नुसती गोळी. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये असं का होतं?

ब्रेस्ट कॅन्सर झाल्याचं कळलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "कितवी स्टेज?" डॉक्टर मात्र आणखी एका रिपोर्टची वाट बघत असतात. त्याचं नाव आयएचसी. बायोप्सीत काढलेल्या तुकड्यावर ही टेस्ट होते आणि त्यात तीन नावं असतात: ईआर, पीआर आणि हर-टू. एकाच वयाच्या, एकाच स्टेजच्या दोघींना वेगळी औषधं का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

हे तिन्ही रिसेप्टर आहेत, म्हणजे शरीरातले संदेश पकडणारी पेशींमधली प्रथिनं. ईआर इस्ट्रोजेनचा संदेश घेतं, पीआर प्रोजेस्टेरॉनचा. हे पॉझिटिव्ह असतील तर कॅन्सर हार्मोनच्या जोरावर वाढतोय असं समजतात आणि ती रसदच तोडली जाते. टॅमॉक्सिफेन रिसेप्टरची जागा अडवून बसतं. पाळी कायमची थांबलेल्या महिलांना बऱ्याचदा लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल देतात, त्याने शरीरात इस्ट्रोजेन बनणंच कमी होतं. धोका कमी असेल तर अशा काही जणींना केमोची गरजही पडत नाही.

पण ही गोळी रोज घ्यायची, साधारण ५ वर्षं आणि काहींना १० वर्षांपर्यंत. खरी गडबड इथेच होते. ऑपरेशन झालं, तब्येत सुधारली, मग गोळी कशाला, असं म्हणून अनेक जणी ती मध्येच सोडतात. अंगातून गरम वाफा येणं, सांधे दुखणं हा त्रास खोटा नाही. मात्र या प्रकारचा कॅन्सर ५ वर्षांनंतरही उलटू शकतो. त्रास होत असेल तर डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. परस्पर बंद करणं महागात पडतं.

हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सर झपाट्याने वाढतो. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शनला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं. भारतात २०१३ मध्ये बायोकॉनच्या बायोसिमिलरला परवानगी मिळाली. हे इंजेक्शन साधारण वर्षभर, सुरुवातीला केमोसोबत देतात. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून अधूनमधून इको करावा लागतो.

रिपोर्टमध्ये हर-टूपुढे '३ प्लस' असेल तर पॉझिटिव्ह, शून्य किंवा '१ प्लस' असेल तर निगेटिव्ह. '२ प्लस' म्हणजे अनिर्णित. अशा वेळी फिश नावाची टेस्ट करावी लागते. ती राहून गेली तर उपयोगी पडणारं औषधच हुकू शकतं.

आणि तिन्ही निगेटिव्ह असतील तर? निगेटिव्ह म्हणजे चांगलं, असं घरच्यांना वाटतं. इथे उलट आहे. या 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारात हार्मोनच्या गोळ्या आणि ट्रास्टुझुमॅब दोन्ही निरुपयोगी, त्यामुळे मुख्य भिस्त केमोवर असते. काहींना इम्युनोथेरपी देतात, पण ती फार महाग आहे. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार १० ते १५ टक्के रुग्णांत दिसतो. भारतातल्या अभ्यासांत तो ३० टक्क्यांच्या आसपास आढळलाय. यात बीआरसीए जनुकाची तपासणीही सुचवली जाते, कारण दोष सापडला तर बहिणी आणि मुलांनाही तपासणीचा सल्ला मिळतो.

कॅन्सर उलटला तर शक्य तिथे पुन्हा बायोप्सी करतात, कारण रिसेप्टर बदललेले असू शकतात. गावाकडून मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये जाताना नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. पहिल्या बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉकही लॅबकडून मागून घ्यावा, तिथे तो पुन्हा तपासतात.