मोटारीतील गाणे आणि तक्रारीचा कागद

आमच्या पुतण्याने नोकरीच्या पहिल्या वर्षी साठविलेल्या पैशांतून घरच्या मोटारीत एक अॅम्प्लिफायर बसवून घेतला. तीर्थरूपांस अलीकडे ऐकू कमी येते, आणि प्रवासात नाट्यपदे स्पष्ट ऐकू यावीत ही त्यांची जुनी हौस. गेल्या वैशाखात यवतमाळहून उमरखेडास लग्नाला जात असता आर्णीच्या अलीकडेच गाणे तुटू लागले, यंत्रावर तांबडा दिवा लागला, आणि महागाव येईपर्यंत मोटारीत कोणी बोलेना. परतल्यावर तर यंत्र मुळीच सुरू होईना.

दुकान नागपूरचे. तेथील उत्तर ठरलेले : पाणी गेले असेल, वॉरंटीत बसत नाही. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवी, कंपनी दुकानाकडे. या टोलवाटोलवीत तीन आठवडे गेले. पुतण्या संतापून तक्रार लिहावयास बसला, तेव्हा तीर्थरूप एवढेच म्हणाले, "अरे, यंत्र का बिघडले ते तरी आधी पाहा. नाहीतर लिहिणार काय?"

म्हणून गावातील एका जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनास बोलाविले. त्याने दुसरे यंत्र जोडून मीटर लावला. इंजिन चालू असता बॅटरीपाशी १३.८ व्होल्ट, पण गाणे मोठे केले की डिकीतील यंत्रापाशी जेमतेम १०.५! बहुतेक घट अर्थिंगच्या एका बोल्टपाशी होत होती. तो रंग न खरवडताच पत्र्यावर आवळलेला होता. ४०० वॉटच्या यंत्रास भर आवाजात सुमारे ४० अँपिअर वीज लागते. त्या वाटेत एका ओहमच्या विसाव्या भागाएवढा रोध आला, तरी २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. वीज अशी अपुरी पडली की यंत्र स्वतःस वाचविण्याकरिता थांबते. तांबडा दिवा त्याचीच खूण. शिवाय बॅटरीजवळ फ्यूजही नव्हता. उघडी पडलेली तार पत्र्यास टेकली असती, तर गाण्याची गोष्ट दूरच, मोटार पेटली असती.

मात्र मीटरने आमच्याही घरची एक गोष्ट उघडी केली. चिरंजिवांनी मागाहून, कोणास न सांगता, आणखी दोन स्पीकर त्याच जोडणीस लावले होते. चार ओहमचे स्पीकर असे शेजारी शेजारी जोडले की भार दोन ओहमांवर येतो, विजेचा ओघ दुप्पट होतो, आणि यवतमाळच्या उन्हात बंद डिकीत तापलेले यंत्र आतून जळते. पुतण्याने मान खाली घातली. ही गोष्ट तक्रारीत लिहावी की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. आमचे मत लिहावी असेच होते, आणि ती लिहिली.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून अमलात आला. त्याअन्वये दुकान परगावचे असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे आम्हांस यवतमाळातच. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोष तपासणीवाचून कळत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. १९१५ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पक्के बिल न देणे हीदेखील या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच होय. आमच्या बिलावर 'फिटिंगसह' असा एक शब्द होता, आणि सारे वजन त्याच शब्दाचे पडले.

मीटरचे आकडे, बोल्टचे छायाचित्र, बिलाची प्रत आणि स्पीकरांची कबुली अशी लेखी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने गेली. पंधरा दिवसांच्या आत दुकानदाराचाच निरोप आला. जोडणी त्याने नव्याने, जाड तारेने व फ्यूजसह, विनामूल्य करून दिली. दुरुस्तीचा खर्च निम्मा त्याने सोसला, निम्मा पुतण्याने. आयोगाकडे जाण्याची वेळ आली नाही.

काढलेले दोन स्पीकर माळ्यावर आहेत. तीर्थरूप पुढील महिन्यात वणीस जावयाचे म्हणतात.