शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

शिवनेरीच्या कड्यांकडे इतिहासाच्या ओढीने पाहणाऱ्या असंख्य डोळ्यांना, पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याच कातळाच्या कपारीतून लोंबणाऱ्या मांसल फांद्या आणि त्यांवर उमललेली किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांची पंचकोनी फुले क्वचितच दिसतात. आणि दिसली तरी, ही वनस्पती महाराष्ट्राच्या डोंगरांवाचून जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही आपोआप उगवत नाही, याची जाणीव त्याहूनही क्वचित होते. शिंदळ माकुडी हे तिचे देशी नाव.

वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी तिची नोंद १८६५ च्या सुमारास झाली. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह १८६१ मध्ये मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध करणारे जंगलखात्याचे अधिकारी निकोल डालझेल यांनी जुन्नरकडील या वनस्पतीचे वर्णन केले आणि तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या सन्मानार्थ तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. पुढे शास्त्रज्ञांनी तिला कधी कॅरालुमा, कधी बुसेरोसिया या प्रजातींत नेऊन बसविले. पण तो दफ्तरी वाद येथे बाजूस ठेवणेच श्रेयस्कर.

तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या पानांत आहे. ती रुईच्या कुळातली. आफ्रिकेच्या रुक्ष मुलखातील तिचे स्टॅपेलियादी सगेसोयरे आणि आपल्याकडील माकडशिंग यांनी पानांचा व्याप जवळजवळ सोडूनच दिला आहे, हिने मात्र तो टिकविला, आणि का टिकविला याचा उलगडा १९७७ मध्ये लांगे व झुबर या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून होतो. पावसाळ्यात हिरवी पाने सामान्य वनस्पतींप्रमाणे दिवसा कर्बवायू घेऊन अन्न तयार करतात. पाऊस सरला, उभ्या कातळावर पाण्याचा थेंबही उरेना, की पाने गळून पडतात आणि कारभार खोडाकडे जातो. खोड आपली रंध्रे रात्रीच्या गारव्यात उघडते, कर्बवायू आम्लरूपाने साठवून ठेवते आणि दिवसा ही दारे मिटून त्याच साठ्यावर सूर्यप्रकाशात अन्न सिद्ध करते. त्यामुळे पाणी फारसे वाफ होऊन जात नाही. सुकाळाची आणि दुष्काळाची अशी दोन स्वतंत्र यंत्रे एकाच देहात वागविणारी ही वनस्पती माझ्या मते सह्याद्रीच्या उद्भिज्जसृष्टीतील एक अलौकिक रचना आहे.

फुलांवर माश्या येतात आणि परागीभवन घडवितात. शेंगा फुटल्यावर रेशमी केसांचा झुबका असलेली बीजे वाऱ्यावर निघतात. परंतु वाऱ्याने नेलेले बीज नेमक्या कपारीतल्या चिमूटभर मातीतच पडले पाहिजे, आणि रुजलेल्या रोपाने वणवा व जनावरांचे तोंड यांतून निभावले पाहिजे. म्हणूनच शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी ती विखुरलेली आढळते आणि संकटग्रस्त वनस्पतींत तिची गणना होते.

उद्यानांत मात्र ती फांदीच्या तुकड्यापासूनही सहज वाढते. ही समाधानाची गोष्ट खरी. पण कुंडीतल्या रोपाने कड्यावरचे रोप वाचले असे मानणे मला अत्यंत घातक वाटते, कारण एका फांदीची शंभर रोपे केली तरी ती एकाच जीवाची आवृत्ती असते आणि बीजापासून उपजणारे वैविध्य तीत येत नाही. तेव्हा गडावर जाणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: वाळल्या गवतात विस्तव पेटवू नका, तटाची व कड्याची साफसफाई करताना प्रत्येक मांसल फांदी उपटू नका, आणि ही वनस्पती हवीशी वाटली, तर तिची लागवड करणाऱ्या उद्यानाकडे मागा, कड्यावरची एक कांडीही तोडू नका.