परिचारिकांचा थकवा : दोष कोणाचा?

रुग्णालयातील रुग्णाजवळ डॉक्टर दिवसातून एकदोनदा येतात. उरलेला वेळ तो परिचारिकेच्या स्वाधीन असतो. ती चिडखोर झाली, यंत्रवत काम करू लागली, म्हणजे दोष तिच्या स्वभावाला देण्याची आपली रीत आहे. संशोधनाचा कौल मात्र निराळा आहे.

या अवस्थेस 'बर्नआउट' म्हणतात. भावनिक शक्ती आटणे, रुग्णाविषयी अलिप्तता येणे आणि आपल्या हातून काही चांगले घडते ही जाणीव क्षीण होणे, ही तिची तीन लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची गणना आजारात न करता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन व नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम अशी केली.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी, तर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी अधिक आढळली. म्हणजे हा प्रश्न केवळ कर्मचारी कल्याणाचा नव्हे. त्याच देशातील कॅलिफोर्निया राज्यात १९९९ च्या कायद्यानुसार हे प्रमाण ठरविण्यात आले. सर्वसाधारण कक्षात २००५ पासून एका परिचारिकेकडे पाचाहून अधिक रुग्ण देता येत नाहीत, आणि हे बंधन प्रत्येक पाळीला लागू आहे.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे अनेकदा नजरेतून सुटतो. समजा, ३० खाटांच्या कक्षासाठी पाच खाटांमागे एक, अशी सहा पदे मंजूर आहेत. कागदावर हे प्रमाण उत्तम दिसते. परंतु साप्ताहिक सुटी वजा जाता सहाजणींच्या मिळून आठवड्यात ३६ पाळ्या भरतात, आणि कक्ष तर २१ पाळ्या चालतो. सकाळी दोन, दुपारी दोन नेमल्या, तर रात्री तीस रुग्णांमागे एकच उरते. त्यात रजा, आजारपण, प्रसूती रजा यांचा हिशेब धरलेलाच नाही. मंजूर पदांच्या तक्त्यावरून हे कळत नाही; त्यासाठी रात्रपाळीचा ड्यूटी तक्ता पाहावा लागतो. जिल्हा परिषदेचे वा रुग्ण कल्याण समितीचे सदस्य इमारत व औषधसाठा पाहतात, तसा हा तक्ताही त्यांनी अवश्य मागवावा.

तरीही संख्या सारखी असलेल्या दोन कक्षांत फरक पडतो, तो बव्हंशी परिसेविकेमुळे. पाळ्यांचा तक्ता आगाऊ लागतो की आदल्या संध्याकाळी बदलतो, नातेवाईक संतापले असता ती पुढे होते की खोलीत राहते, झालेली चूक कळविणाऱ्या परिचारिकेचे ती ऐकून घेते की सर्वांदेखत तिला फैलावर घेते, यावर पुष्कळ अवलंबून असते. मात्र सारा भार परिसेविकेवर टाकणे हाही अन्यायच ठरेल. चादरी, उपकरणे व औषधे यांच्या नोंदवह्यांत तिचा दिवस जातो, आणि हिशेब चुकला तर जाब तिलाच द्यावा लागतो. हे लेखनकाम लिपिकाकडे सोपविले, तर ती खाटांपाशी दिसू लागेल.