सरकारही कर्ज काढते

कर्ज म्हणजे काय, हे डहाणू-तलासरीच्या माणसाला सांगायला नको. पूर्वी इथे ‘लग्नगडी’ असत. लग्नापुरते थोडे पैसे सावकाराकडून घ्यायचे आणि ते फेडायला नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे. १९४५ साली वारली बांधवांनी उठाव करून ही गुलामी मोडली.

असे का होत असे? जमीन सावकाराची, पैसाही त्याचाच. दुसरे दार नव्हते. मग तो म्हणेल ते खरे!

आता सरकारचे पाहू. रस्ते, धरणे बांधायला कराचा पैसा पुरत नाही. मग सरकार कर्ज काढते आणि लेखी वचन देते, “अमुक वर्षांनी मुद्दल देऊ, तोवर दर सहा महिन्यांनी व्याज देऊ.” या वचनाला कर्जरोखा म्हणतात. बँका, विमा कंपन्या असे रोखे घेतात. म्हणजे आपण बँकेत ठेवलेल्या पैशातलाही काही भाग तिथेच जातो.

पण दहा-वीस वर्षे पैसे कोण अडकवील? मध्येच गरज लागली तर? घोलवडच्या चिकूचेच बघा ना. पिकलेला चिकू थांबत नाही. वाडीत एकच व्यापारी आला, तर तो देईल तो भाव. दहा आले, तर रास्त भाव मिळतो आणि माल लगेच उचलला जातो. रोख्याचेही तसेच. घेणारे-विकणारे पुष्कळ असले, की रोखा हवा तेव्हा विकता येतो. मग लोक कमी व्याजावरही सरकारला पैसे देतात. व्याजाचे वाचलेले पैसे शाळा-दवाखान्यांना उपयोगी पडतात.

असा बाजार एका दिवसात भरत नाही. आपल्याकडे १९९२ पासून रिझर्व्ह बँक या रोख्यांचे लिलाव करू लागली. २००५ साली खरेदी-विक्री संगणकावर सुरू झाली. २०२१ पासून साध्या माणसालाही रिझर्व्ह बँकेत खाते उघडून दहा हजार रुपयांपासून रोखे घेता येतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मुदतीपर्यंत थांबलात, तर ठरलेले पैसे मिळतात. मध्येच विकायला गेलात आणि तेव्हा व्याजाचे दर चढलेले असले, तर रोख्याला कमी किंमत येते. म्हणून लवकर लागणारा पैसा यात घालू नये.

आपण आता वाचायला शिकलो आहोत. पैशाच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी वाचू या : मुदत किती, व्याज किती, आणि मध्येच सुटका आहे की नाही.