पापणी नेमकी कोणाची लवली? : क्युबाचा पेच, १९६२

युद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या राष्ट्रप्रमुखाने कसे वागावे याविषयी अग्रलेख लिहिले जातात किंवा व्याख्याने दिली जातात, तेव्हा ऑक्टोबर १९६२ मधील क्युबाच्या क्षेपणास्त्र पेचाचा दाखला हमखास येतो, आणि बहुतेक वेळा तो एकाच साच्यातून निघालेला असतो. सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे आणून ठेवली, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी निवडक सल्लागारांना एकत्र बसवले, तेरा दिवस डोळ्याला डोळा भिडवला, तसूभरही माघार घेतली नाही, आणि शेवटी निकिता ख्रुश्चेव्ह यांची पापणी लवली, असा तो साचा आहे. कथा ऐकायला उत्तम आहे. मात्र केनेडींनी काही न देता सर्व मिळवले, हे जे तिचे मर्म, तेच खोटे आहे, आणि ते खोटे असल्याची कबुली १९८९ साली त्या खोलीतल्याच एका माणसाने दिलेली आहे. त्यानंतर इतकी वर्षे उलटूनही तोच दाखला त्याच आवेशात दिला जात असेल, तर तो अज्ञानापेक्षा आळसाचा भाग मानावा लागेल.

घटनाक्रम थोडक्यात असा. १४ ऑक्टोबर रोजी यू-२ या उंचावरून छायाचित्रे घेणाऱ्या टेहळणी विमानाने क्युबातील बांधकामाची छायाचित्रे टिपली, दुसऱ्या दिवशी विश्लेषकांनी ती क्षेपणास्त्रतळांची असल्याचे ओळखले, आणि १६ तारखेच्या सकाळी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी ती बातमी अध्यक्षांच्या कानावर घातली. त्याच दिवसापासून जो गट रोज भेटू लागला, त्याला २२ ऑक्टोबरच्या आदेशाने राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची कार्यकारी समिती असे अधिकृत नाव मिळाले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘एक्सकॉम’ म्हणून ओळखली जाते. परराष्ट्रमंत्री डीन रस्क, संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा, गुप्तचर संस्थेचे प्रमुख जॉन मॅकोन, सेनाप्रमुखांच्या मंडळाचे अध्यक्ष जनरल मॅक्सवेल टेलर, सोव्हिएत व्यवहारांचे जाणकार लेवेलिन थॉम्पसन, भाषणलेखक थिओडोर सोरेन्सन, अध्यक्षांचे बंधू आणि महान्यायवादी रॉबर्ट केनेडी ही त्यातली प्रमुख नावे.

या समितीत कोण काय बोलले हे आज जवळजवळ शब्दशः ठाऊक आहे, कारण केनेडींनी १९६२ च्या उन्हाळ्यात मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या खोलीत गुप्त ध्वनिमुद्रणाची सोय करून घेतली होती आणि बोलणाऱ्यांपैकी केनेडी बंधू वगळता कोणाला त्याचा पत्ता नव्हता. या फितींच्या लिप्यंतराचा मोठा संग्रह अर्नेस्ट मे आणि फिलिप झेलिको यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. पुढे केनेडी ग्रंथालयाचे इतिहासकार शेल्डन स्टर्न यांनी त्या वर्षानुवर्षे ऐकून २००३ मध्ये बैठकनिहाय वृत्तांत लिहिला. आठवणी सोयीप्रमाणे बदलतात, फीत बदलत नाही, म्हणून पुढील विवेचनात जेथे आठवणी आणि फिती यांत विसंगती आहे तेथे फिती प्रमाण मानल्या आहेत.

या फितींवरचे केनेडी दंतकथेतल्या केनेडींहून बरेच वेगळे, आणि खरे तर अधिक लक्षणीय आहेत. पहिल्या दिवशी त्यांचाही कल हवाई हल्ल्याकडेच होता. त्याच संध्याकाळी, ख्रुश्चेव्ह असे का वागले असतील याचा विचार करताना ते सहज बोलून गेले की, हे म्हणजे आपण एकाएकी तुर्कस्तानात क्षेपणास्त्रे ठेवण्यासारखे आहे आणि तसे करणे फार धोक्याचे ठरेल. त्यावर एका सल्लागाराने, बहुधा बंडी यांनीच, अध्यक्षमहाराज, आपण ती ठेवलेलीच आहेत, असे त्यांच्या निदर्शनास आणून दिले. ही होती ‘ज्युपिटर’ नावाची मध्यम पल्ल्याची अमेरिकन क्षेपणास्त्रे, पंधरा तुर्कस्तानात आणि तीस इटलीत. ती जुनाट झाल्याचे वॉशिंग्टनमध्ये सर्वांना मान्य होते. पण तुर्कस्तान हा नाटो या लष्करी संघटनेचा सदस्य असल्याने, धमकीपुढे झुकून ती काढली असे दिसणे कोणालाच नको होते.

पेचाचा खरा कस लागला तो शनिवारी, २७ ऑक्टोबरला. आदल्या दिवशी आलेल्या पत्रात ख्रुश्चेव्ह यांनी क्युबावर आक्रमण न करण्याच्या हमीच्या बदल्यात माघारीची भाषा केली होती. त्या सकाळी मात्र मॉस्को रेडिओवरून दुसरा संदेश जाहीर झाला आणि त्यात तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे काढण्याची अट घातलेली होती. बंडींसह बहुतेक सल्लागारांचे मत असे की, ही अट नाकारावी, नाहीतर नाटोतील मित्रांचा विश्वास उडेल. सर्वांत चिवटपणे उलट बाजू मांडत होते ते स्वतः अध्यक्ष. कोणाही समंजस माणसाला हा सौदा रास्तच वाटेल, असे ते तासन्‌तास, निरनिराळ्या शब्दांत सांगत राहिले. रक्त सांडू लागले की आज ठामपणाची भाषा करणाऱ्या मित्रांचे धैर्य किती लवकर ओसरते, याचीही त्यांनी आठवण करून दिली. त्याच दिवशी क्युबावर एक यू-२ पाडले जाऊन त्याचा वैमानिक ठार झाला, आणि असे घडल्यास संबंधित विमानवेधी तळावर प्रतिहल्ला करण्याचे आधी ठरलेले असूनही केनेडींनी तो रोखून धरला. ‘ठाम अध्यक्ष आणि कचखाऊ सल्लागार’ हे चित्र येथे पुरते उलटे झालेले दिसते.

त्या संध्याकाळी अध्यक्षांनी समितीतील मोजक्या लोकांना वेगळे बोलावले. बंडी यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात या छोट्या बैठकीचा वृत्तांत दिला आहे. तीत अध्यक्ष धरून नऊ जण होते. रस्क यांच्या सूचनेवरून असे ठरले की, रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना भेटून तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे काढली जातील असे तोंडी सांगावे, मात्र ही गोष्ट उघड झाल्यास शब्द रद्द समजावा. दोब्रिनिन यांनी मॉस्कोला पाठवलेल्या तारेत त्यासाठी चार ते पाच महिन्यांची मुदत सांगितल्याची नोंद आहे. उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन, मॅकोन, अर्थमंत्री डग्लस डिलन यांना यातले काहीही कळवण्यात आले नाही. ‘तेरा दिवस एकत्र बसून निर्णय घेणारी समिती’ म्हणून जिचे गोडवे गायले जातात, तिच्यापासूनच पेचातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय दडवला गेला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शिवाय हाही मार्ग फसलाच तर तोच सौदा संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या तोंडून जाहीरपणे सुचवला जावा, अशी आणखी एक पडद्यामागची तजवीज केनेडींनी रस्क यांच्यामार्फत करून ठेवली होती, जी रस्क यांनी थेट १९८७ मध्ये उघड केली.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. दोब्रिनिन यांचा अहवाल मॉस्कोत पोहोचण्यापूर्वीच ख्रुश्चेव्ह यांचे मन माघारीकडे वळले होते, म्हणजे या सौद्यामुळेच पेच सुटला असे म्हणता येत नाही, असे काही इतिहासकार दाखवून देतात. ते मान्य केले तरी दंतकथा वाचत नाही, कारण तिचा दावा ख्रुश्चेव्ह का वळले याविषयीचा नसून केनेडी वळले नाहीत असा आहे. आणि केनेडी वळले, स्वतःहून वळले, सल्लागारांच्या सल्ल्याविरुद्ध वळले. आक्रमण न करण्याची सशर्त हमी तर उघडच दिलेली होती, पण तिलाही सवलत म्हणण्याची अनेकांची तयारी नसते.

मग खोटे टिकले कसे? ते टिकवण्यात आले. १९६३ च्या प्रारंभी काँग्रेससमोर रस्क आणि मॅक्नामारा या दोघांनीही असा कोणताही सौदा झाला नसल्याचे सांगितले. ख्रुश्चेव्ह यांनी या समझोत्याचा उल्लेख असलेले पत्र पाठवले, तेव्हा रॉबर्ट केनेडी यांनी ते दोब्रिनिन यांना परत केले. असा कागद उद्या बाहेर आला तर आपल्या राजकीय भवितव्याची भरून न येणारी हानी होईल, असे कारण त्यांनी दिल्याचे दोब्रिनिन यांच्या तारेत नमूद आहे. रॉबर्ट केनेडी यांचे या तेरा दिवसांवरचे पुस्तक त्यांच्या हत्येनंतर १९६९ साली निघाले, आणि जगभरच्या वाचकांची समजूत घडवली ती मुख्यतः त्याच पुस्तकाने. १९८९ च्या मॉस्को परिषदेत दोब्रिनिन यांनी विषय काढला, तेव्हा त्या पुस्तकाचे संपादन करणाऱ्या सोरेन्सन यांनी मान्य केले की, मूळ टिपणांत सौद्याचा उल्लेख स्पष्ट होता आणि तो आपण काढून टाकला. त्याच पुस्तकाने रॉबर्ट केनेडी यांना प्रारंभापासून शांततावादी ठरवले. फितींवर मात्र ते पहिल्याच दिवशी आक्रमणासाठी निमित्त उभे करण्याची भाषा करताना आणि त्यासाठी १८९८ साली हवाना बंदरात बुडालेल्या ‘मेन’ या युद्धनौकेचे उदाहरण देताना ऐकू येतात. पुढे त्यांचे मत बदलले हे खरे. पण मत बदलणे हीच या चर्चेतली मौल्यवान गोष्ट होती आणि पुस्तकाने नेमकी तीच पुसली.

हा वाद केवळ इतिहासाच्या काटेकोरपणाचा नाही. दबाव मोजूनमापून वाढवत नेला की प्रतिपक्ष वाकतो, असा धडा क्युबावरून घेतला गेला आणि व्हिएतनामच्या धोरणात तो पुन्हा पुन्हा डोकावला. युद्ध वाढवण्याचा निर्णय घेणाऱ्या अध्यक्ष जॉन्सन यांना १९६२ ची देवघेव सांगितलेलीच नव्हती. आणि ज्यांना ती ठाऊक होती ते रस्क, मॅक्नामारा आणि बंडी त्यांच्याच शेजारी बसलेले होते.

‘डोळ्याला डोळा’ या वाक्प्रचाराचीही कथा अशीच आहे. प्रतिपक्षाची पापणी लवली, असे उद्गार रस्क यांनी २४ ऑक्टोबरला, केनेडींनी हल्ल्याऐवजी निवडलेल्या क्युबाच्या नाविक नाकेबंदीपुढे सोव्हिएत जहाजे थांबल्याची किंवा वळल्याची बातमी आल्यावर काढले. मायकेल डॉब्स यांनी २००८ च्या पुस्तकात जहाजांच्या नोंदी तपासून दाखवले की, क्षेपणास्त्रे वाहणारी जहाजे आदल्या दिवशीच माघारी फिरली होती आणि त्या क्षणी ती नाकेबंदीच्या रेषेपासून शेकडो मैल दूर होती. डोळ्याला डोळा भिडायला समोर कोणी असावे लागते. नाकेबंदीला ‘क्वारंटाइन’ हे वैद्यकीय वळणाचे नाव दिले गेले, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धकृती मानली जाते.

सेनानी युद्धखोर आणि नागरी सल्लागार समंजस, ही विभागणीही फसवी आहे. हवाई दलप्रमुख कर्टिस लमे यांनी १९ ऑक्टोबरला नाकेबंदीची तुलना म्युनिकशी, म्हणजे १९३८ मध्ये हिटलरपुढे घेतलेल्या पडखाऊ भूमिकेशी केली हे खरे. पण माजी परराष्ट्रमंत्री डीन अचेसन हेही हवाई हल्ल्याच्याच बाजूचे होते, आणि २२ तारखेला प्रथमच माहिती मिळालेले सिनेटर रिचर्ड रसेल आणि विल्यम फुलब्राइट यांनी तर सरळ आक्रमणाची मागणी केली. पहिल्या तासात बहुतेकांना हल्लाच सुचतो. केनेडींच्या सल्लागारांना सहा दिवसांचा गुप्त अवधी मिळाला होता, सिनेटरांना तो मिळाला नाही, एवढाच काय तो फरक.

बाकीचे गैरसमज झटपट निकालात काढता येतात. अध्यक्षाला सल्लागारांचे बहुमत बंधनकारक नसते; १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद सल्ला देते, हुकूम देत नाही. काँग्रेसच्या घोषणेशिवाय अमेरिका युद्ध करत नाही असे समजणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, तिची शेवटची औपचारिक युद्धघोषणा १९४२ ची आहे. लाल टेलिफोन या पेचात वाजला नाही, कारण वॉशिंग्टन-मॉस्को थेट दुवा १९६३ साली सुरू झाला आणि तोही टेलिफोन नव्हे, टेलिप्रिंटर होता. खोलीतल्यांना धोक्याची पूर्ण कल्पना होती, हेही खरे नाही : क्युबात रणांगणावर वापरायची लहान सोव्हिएत अण्वस्त्रे पोहोचलेली होती, हे मॅक्नामारा यांना थेट १९९२ मध्ये हवानात कळले. आणि क्युबाच्या गोंधळाचा फायदा घेऊन चीनने भारतावर हल्ला केला, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. हल्ला २० ऑक्टोबरला सुरू झाला आणि केनेडींनी क्षेपणास्त्रांची बातमी जाहीर केली ती २२ ला. जोडलेली गोष्ट वेगळीच आहे : त्या दिवसांत दिल्लीतील अमेरिकन राजदूत जॉन केनेथ गॅलब्रेथ यांच्याकडे पाहायला वॉशिंग्टनला सवड नव्हती.

या सगळ्यात एका माणसाचा हिशेब राहून गेला आहे. संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी पहिल्याच आठवड्यात, २० ऑक्टोबरच्या बैठकीत, तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे आणि क्युबातील ग्वान्टानामोचा नाविक तळ सोडण्याच्या तयारीने वाटाघाटी कराव्यात असे सुचवले आणि त्यांच्यावर चहूबाजूंनी टीका झाली. डिसेंबरमध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात पेचाची आतली हकीकत म्हणून एक लेख छापून आला, त्यात स्टीव्हन्सन यांना म्युनिक हवे होते असे एका अनाम अधिकाऱ्याच्या तोंडी घातलेले होते. लेखाच्या दोन लेखकांपैकी चार्ल्स बार्टलेट हे अध्यक्षांचे जवळचे मित्र. तुर्कस्तानातील ज्युपिटर क्षेपणास्त्रे एप्रिल १९६३ मध्ये, ठरल्या मुदतीच्या आसपास, जुनी झाली म्हणून उतरवण्यात आली. स्टीव्हन्सन १९६५ साली वारले.