ज्याची पावतीच फाटत नाही, त्याची मोजदाद

शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. गुऱ्हाळातून आलेला गुळाचा रवा काट्यावर चढायचा, सौदा ठरायचा, वहीत आकडा पडायचा. कुणाचा माल किती खपला हे अडत्याला वही उघडली की समजे. आज त्याच शाहूपुरीतल्या दुकानांत आणि ऑफिसांत संगणक आहेत, आणि संगणकावर चालणारा एक माल असा आहे की त्याला ना काटा, ना वही, ना पावती. लिनक्स, लिबरऑफिस, फायरफॉक्स ही मुक्त सॉफ्टवेअर कुणीही फुकट उतरवून घ्यावीत, पेन ड्राइव्हवर घालून मित्राला द्यावीत, शंभर मशिनवर चढवावीत. तशी मुभा त्यांच्या परवान्यातच दिलेली असते.

त्यांचा प्रचारही बहुतेक वेळा पदरमोड करून होतो. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, पुण्यातही असा गट आहे. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प याच सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही देतो. सुट्टीच्या दिवशी वर्ग भरवून मुलं जीव तोडून समजावतात. मग पुढे काय होतं? किती जणांनी ते खरंच वापरायला घेतलं? हा प्रश्न सोडवण्यासाठी माणसांनी ज्या युक्त्या शोधल्या आहेत, त्या पाहून मी थक्क होतो.

सगळ्यात गाजलेला प्रयत्न फायरफॉक्सचा. ९ नोव्हेंबर २००४ ला त्याची पहिली आवृत्ती आली आणि १६ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दोन पानी जाहिरात झळकली. तिचे पैसे सुमारे दहा हजार सामान्य वापरकर्त्यांनी वर्गणी काढून जमवले होते. फायरफॉक्सच्या प्रचार मोहिमेत स्वयंसेवकाला स्वतःची वेगळी लिंक मिळे, म्हणजे कुणाच्या सांगण्यावरून लोक आले याचा माग लागे. पुढे जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती चोवीस तासांत ८०,०२,५३० वेळा उतरवली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आकडा भव्य आहे, पण तो डाउनलोडचा आहे, वापरणाऱ्यांचा नव्हे. एकदा उतरवलेली फाइल कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस मशिनवर जाते, आणि कुणी तीनदा उतरवून एकदाही उघडत नाही. हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो.

मग न दिसणारे वापरकर्ते मोजायचे कसे? समजा, शाहूपुरीत एका गटाने फिरून लिबरऑफिस वापरणारी ५० दुकानं शोधली. महिन्याभराने दुसरा गट, पहिल्याची यादी न बघता, आपल्या वाटेने फिरला आणि त्याला ४० सापडली. याद्या ताडून पाहिल्या तर २० दुकानं दोन्हींत आहेत. म्हणजे दुसऱ्या गटाला भेटलेल्यांपैकी निम्मी पहिल्याने आधीच टिपली होती. म्हणजेच पहिल्याने एकूण दुकानांपैकी साधारण निम्मीच टिपली असणार. त्याची पन्नास म्हणजे निम्मी, तर एकूण शंभर! प्रत्यक्ष पाहिलेली सत्तर. उरलेल्या तिसांच्या पायरीवर कुणी पाऊलही ठेवलेलं नाही, तरी त्यांचा अंदाज हाती आला. लाप्लासने १८०२ मध्ये फ्रान्सची लोकसंख्या याच तर्काने काढली, आणि पुढे डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसनने मासे मोजण्यासाठी हाच तर्क वापरला. मुख्य अट ही: दोन्ही गट स्वतंत्रपणे फिरले पाहिजेत. दोघेही त्याच ओळखीच्या दुकानांत गेले तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वेगळी आहे. मुक्त सॉफ्टवेअरची इथली झुंज विकतच्या मालाशी जितकी आहे, त्याहून जास्त त्याच्या चोरीच्या कॉपीशी आहे. ‘तुमच्याकडे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आहे का?’ असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? त्यावर स्टॅन्ली वॉर्नर या अभ्यासकाने १९६५ मध्ये तोड काढली: उत्तरात नशिबाची भेसळ करायची. तिचा एक सोपा प्रकार असा. दुकानदाराने कुणाला न दाखवता नाणं उडवावं. छापा आला तर खरं बोलावं. काटा आला तर पुन्हा उडवावं आणि छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणावं, खरं काहीही असो. आता कुणी ‘हो’ म्हणालं तरी ते नाण्यामुळे की मनातून, हे जगात कुणालाच सांगता येणार नाही. पण चारशे जणांत साधारण शंभर ‘हो’ निव्वळ नाण्याचे असणार. एकूण १६० आले, तर ६० उरले. ते खरं बोलणाऱ्या दोनशेंतले. म्हणजे शेकडा तीस! एकाचंही गुपित फुटलं नाही आणि अख्ख्या पेठेचं चित्र मिळालं. गूगलने २०१४ मध्ये क्रोम ब्राउझरसाठी जाहीर केलेली पद्धत याच कल्पनेवर उभी आहे.

तरीही एक गाठ उरते. समजा, वर्ग भरवल्यावर वीस दुकानं लिनक्सकडे वळली, पण त्यातली काही एरवीही वळली असती. नवं विंडोज जुन्या मशिनवर चालेना म्हणूनही लोक वळतात. प्रचाराचं श्रेय फक्त उरलेल्या फरकाचं. तो शोधायची किल्ली चिठ्ठीत आहे. इच्छुक दुकानांची यादी करून चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांना प्रात्यक्षिक आत्ता, निम्म्यांना सहा महिन्यांनी. दुसऱ्यांची पाळी येण्याआधी दोघांची तुलना केली की बाकी सगळी कारणं दोन्हीकडे साधारण सारखी वाटली गेलेली असतात.

चिठ्ठीची ही ताकद आपल्या भागाला परकी नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी शेतातले मोजके तुकडे यदृच्छेने निवडून, तेवढंच पीक कापून, मोठ्या प्रदेशाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधण्याचं शास्त्र घडवण्यात मोठा वाटा उचलला. पीक कापणी प्रयोग हा शब्द शेतकऱ्यांना पीक विम्यामुळे आज चांगलाच ठाऊक आहे.

कोल्हापूरच्याच शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. दोन याद्या, एक नाणं आणि मूठभर चिठ्ठ्या एवढ्या सामग्रीवर विद्यार्थ्यांना हे एका सत्रात करून पाहता येईल. वर्षभराने पुन्हा त्याच दुकानांत जाऊन एवढंच विचारायचं: अजून वापरता का?