चढाईची वही, बचावाची वही

मैदान आणि गणित : लेखांक ६

अंधेरीच्या मैदानावरचा सामना संपला की दुसरा सामना विरार लोकलमध्ये सुरू होतो. २०२४-२५च्या हंगामातली अशीच एक रात्र. मुंबई सिटीचा खेळ बघून परतणारी दोन पोरं दारात उभी होती. बोरिवली गेलं, मीरा रोड गेलं, भाईंदरच्या खाडीचा वारा आत आला, तरी भांडण मिटेना.

"अरे, गोल मारायला माणूसच राहिला नाही. दियाझ गेला, नोगेरा गेला. आता कोण मारणार?"

"मारून काय करतोस? मागे भेके नाही. डिफेन्स फुटलाय आपला."

वसई रोडला पहिला उतरला. फलाटावरूनच ओरडला, "घरी जाऊन टेबल बघ, मग बोल!" दुसऱ्याला नालासोपाऱ्याला उतरायचं होतं. त्याने तिथेच मोबाइल काढून टेबल बघितलं, आणि त्याचा चेहरा काही उजळला नाही. उजळणार तरी कसा? टेबलाला हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. महिनाअखेरीस हातात किती उरलं यावरून पगार कमी आला की खर्च वाढला हे कळत नाही. त्यासाठी जमा आणि खर्च वेगळे मांडावे लागतात. फुटबॉलमध्ये जमा म्हणजे चढाई, खर्च म्हणजे बचाव. गुण म्हणजे फक्त शिल्लक.

गेल्या लेखात आपण सरासरी कशी काढायची ते पाहिलं. आज तीच सरासरी दोन वह्यांमध्ये लिहू. उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ: इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीतले मुंबई सिटीचे पाच हंगाम.

२०२०-२१ : सामने २०, केलेले गोल ३५, खाल्लेले १८, गुण ४०.
२०२१-२२ : सामने २०, केलेले ३६, खाल्लेले ३१, गुण ३१.
२०२२-२३ : सामने २०, केलेले ५४, खाल्लेले २१, गुण ४६.
२०२३-२४ : सामने २२, केलेले ४२, खाल्लेले १९, गुण ४७.
२०२४-२५ : सामने २४, केलेले २९, खाल्लेले २८, गुण ३६.

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. २०२०-२१मध्ये सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली मुंबईने साखळीची ढाल जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला करंडकही जिंकला. पुढच्या वर्षी देस बकिंगहॅम प्रशिक्षक झाले आणि संघ थेट पाचव्या क्रमांकावर आला. तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर एकच सूर होता: लोबेरा गेले, बुमूस गेला, चढाईची धार गेली. वही वेगळंच सांगते. गोल ३५चे ३६ झाले. म्हणजे चढाई होती तिथेच राहिली. खाल्लेले गोल मात्र १८चे ३१ झाले. सामन्यामागे ०.९० वरून १.५५. त्या उन्हाळ्यात कर्णधार आणि गोलरक्षक अमरिंदर सिंगही कोलकात्याला गेला होता, पण बोलणं सगळं पुढच्या फळीचं चाललं होतं.

पण हंगामाची सरासरी ही मेल्यावरची कुंडली. हंगाम चालू असताना, सामन्यागणिक, बचाव ढिला पडतोय हे कसं ओळखायचं? नुसता कालचा सामना बघितला तर आपण उतावळे ठरतो. सगळे जुने सामने सारख्याच मापाने मोजले तर बदल उशिरा दिसतो. यातला मधला रस्ता सोपा आहे. जुन्या अंदाजाचे नऊ भाग घ्यायचे आणि नव्या सामन्याचा एक भाग. दही लावल्यासारखं: भांडं मोठं, विरजण थोडं, पण रोज लावलं की हळूहळू सगळ्याची चव बदलते.

करून बघू. बचावाचा अंदाज मागच्या हंगामाच्या ०.९० पासून सुरू करायचा. २०२१-२२च्या पहिल्या सहा सामन्यांत मुंबईने अनुक्रमे ०, ३, १, १, २, ० गोल खाल्ले. पहिला सामना : ०.९० चे नऊ दशांश म्हणजे ०.८१, अधिक शून्य. दुसरा : ०.८१ चे नऊ दशांश ०.७३, अधिक ३ चा एक दशांश ०.३०, मिळून १.०३. असं करत सहाव्या सामन्याअखेर अंदाज १.०१ वर येतो. काळजीचं कारण नाही. सहापैकी पाच सामने जिंकले होते, त्यात मोहन बागानवरचा ५-१ हा विजयही होता.

मग १९ डिसेंबर २०२१ ते १० जानेवारी २०२२ हे तीन आठवडे आले. केरळाकडून ०-३, नॉर्थईस्टशी ३-३, ओडिशाकडून २-४, ईस्ट बंगालशी ०-०, बेंगळुरूकडून ०-३. वहीत बचावाचा आकडा असा चढत गेला : १.२१, १.३९, १.६५, मग ईस्ट बंगालच्या सामन्यानंतर थोडा उतरून १.४८, आणि शेवटी १.६४. त्याच पद्धतीने चढाईची वही लिहिली तर ती १.७५ वर सुरू होते, डिसेंबरच्या मध्यावर २.२४ वर असते आणि या पाच सामन्यांनंतर १.७० वर उतरते. म्हणजे चढाई जिथून निघाली जवळजवळ तिथेच परत आली, बचाव मात्र पावणेदोन पट महाग झाला. आणि गंमत बघा, १० जानेवारीचा १.६४ हा अंदाज हंगामाअखेरच्या १.५५ पासून फार लांब नाही. मार्चमध्ये टेबलाने जे सांगितलं ते वहीने जानेवारीत सांगितलं होतं.

इथे एक चतुर वाचक हात वर करील: "पाच सामने म्हणजे किती? नशीबही असेल की!" प्रश्न रास्त आहे, आणि या लेखाचा गाभाही तोच आहे.

क्रिकेटमध्ये एका डावात शेकडो धावा होतात. फुटबॉलमध्ये दीड तासात दोन-तीन गोल. एवढ्या विरळ घटनांत नशिबाला जागा फार. या विरळ घटनांचं गणित फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७च्या ग्रंथात मांडलं, आणि १८९८मध्ये बोर्टकीविच यांनी ते प्रशियाच्या घोडदळाला लावून दाखवलं. घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले याची त्यांनी मोजदाद केली. दहा तुकड्या आणि वीस वर्षं मिळून २०० नोंदी, त्यांत एकूण १२२ मृत्यू. १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन, एकीत चार. ज्या तुकडीत एका वर्षी चार मेले तिथले घोडे काही जास्त दुष्ट नव्हते. सरासरी ०.६१ असली तरी इतक्या नोंदींत एखादी चारची सहज निघू शकते.

गोलही साधारण तसेच पडतात. सरासरी ०.९० गोल खाणारा बचाव घेतला तर प्वासाँच्या सूत्राने वीस सामन्यांत आठेक वेळा पाटी कोरी राहावी. सरासरी १.५५ झाली की चारेक वेळा. म्हणजे ढिल्या बचावालाही चार सामने शून्य गोलांचे मिळतात. त्या चारांवर भाळून "डिफेन्स सुधारला" म्हणणं हे एका लाथेवरून घोडा ओळखण्यासारखं.

मग खरा बदल आणि नशिबाची हेलकावणी यांत फरक कसा करायचा? एक घरगुती नियम सांगतो. दोन हंगामांत सामने सारखेच असतील तर दोन्हीकडच्या गोलांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा. हंगामांतला फरक या दुप्पटीहून मोठा असेल तर बदल खरा मानायला हरकत नाही. लहान असेल तर दम धरा.

बचाव : १८ आणि ३१. बेरीज ४९, वर्गमूळ ७, दुप्पट १४. फरक किती? १३. एका गोलाने हुकला! चढाई : ३६ वरून ५४. बेरीज ९०, वर्गमूळ साधारण साडेनऊ, दुप्पट १९. फरक १८. हाही एका गोलाने हुकला. ज्या वर्षी स्ट्युअर्ट, पेरेरा दियाझ आणि नोगेरा एकदम आले, संघ सलग अठरा सामने हरला नाही आणि ढाल जिंकला, त्या वर्षाची झेपसुद्धा केवळ मागच्या हंगामाशी ताडली तर काठावरच राहते. आकड्यांचा हा कंजूषपणा आधी राग आणतो. पण प्रशिक्षक बदलायला आणि खेळाडूला बाकावर बसवायला आपण किती घाई करतो हे आठवलं की तोच शहाणपणा वाटू लागतो.

काठावर म्हणजे खोटं नव्हे. "बहुधा बदल झालाय, अजून पुरावा हवा" इतकाच त्याचा अर्थ. पुरावा मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक, वाट पाहणं. दुसरा, गोलांबरोबर गोलाकडे मारलेले फटकेही मोजणं, कारण ते गोलांहून कितीतरी जास्त असतात आणि जास्त घटनांत नशीब कमी लुडबुडतं.

वही प्रामाणिक ठेवायची तर आणखी दोन दुरुस्त्या हव्यात. पहिली, समोर कोण होतं? वरच्या हिशेबात ईस्ट बंगालविरुद्धच्या शून्यामुळे मुंबईच्या बचावाचा आकडा सुधारला, पण तो संघ त्या हंगामात अगदी तळाला होता. तळाच्या संघाला रोखल्याचे गुण अर्धेच द्यावेत. दुसरी, मैदान कोणाचं? २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम महासाथीमुळे संपूर्ण गोव्यात झाले. अंधेरीचा आरडाओरडा पुढच्या वर्षी परत आला. त्यामुळे ५४ गोलांचं सगळं श्रेय स्ट्युअर्टच्या पायाला देता येत नाही. प्रत्येक संघाची चढाई, प्रत्येक संघाचा बचाव आणि घरच्या मैदानाचा फायदा हे सगळं एकत्र सोडवायची रीत माहेर यांनी १९८२मध्ये दाखवली. डिक्सन आणि कोल्स यांनी १९९७मध्ये तिच्यात ताज्या सामन्यांना जास्त वजन देण्याची सोय केली. आपलं नऊ भाग-एक भाग हे त्याचंच गावठी रूप.

आता त्या लोकलमधल्या भांडणाचा निकाल लावू. २०२३-२४मध्ये मुंबईची चढाई सामन्यामागे १.९१ गोल, पुढच्या वर्षी १.२१. बचाव ०.८६ वरून १.१७. म्हणजे दोन्ही बाजू ढासळल्या. पण चढाईने सामन्यामागे ०.७० गोल गमावले, बचावाने ०.३१. सामने २२ आणि २४ असल्यामुळे घरगुती नियमाला थोडी मुरड घालावी लागते. तशी घातली तर चढाईतली घट दुप्पटीच्या किंचित आत राहते, आणि बचावातली घट वर्गमुळाच्या जेमतेम एक पट, म्हणजे निव्वळ नशिबानेही घडावी इतकी. चढाई मात्र एक हंगाम आणखी मागे जाऊन बघा : २०२२-२३मध्ये २.७०, २०२४-२५मध्ये १.२१. हा फरक त्याच मापाने साडेतीन पट भरतो. तिथे नशिबाचं काही चालत नाही. तेव्हा वसई रोडला उतरलेला जिंकला की नालासोपाऱ्याचा, असं विचाराल तर "गोल मारायला माणूस राहिला नाही" म्हणणाऱ्याची बाजू जड आहे. भेके गेल्याचा घाव खरा असेलही, पण तो या आकड्यांत अजून सिद्ध होत नाही.

हे सगळं करायला ना संगणक लागतो ना कुठलं विकतचं अॅप. निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी, कुठल्याही गावात संध्याकाळी पोरं चेंडू घेऊन उतरतात. त्यांच्यातलं एखादं पायाला पट्टी बांधून रेषेबाहेर बसलेलं असतंच. त्याच्या हातात शंभर पानी वही द्या. डाव्या पानावर चढाई, उजव्या पानावर बचाव. सामन्याची तारीख, समोरचा संघ, केलेले गोल, खाल्लेले गोल, दोन्ही बाजूंचे गोलाकडे आलेले फटके, प्रत्येकाला एक रेघ. पाचवी रेघ आडवी.

पुढच्या आठवड्यात फटक्यांची प्रत कशी मोजायची ते पाहू. तोवर तुमच्या संघाचे निदान दहा सामने वहीत उतरवा आणि वीस होईपर्यंत कोणालाही संघातून काढू नका.